साखरेचं रक्त फ्लोराइड बल्बमध्येच घ्या

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

शिवजयंतीपासून बसव जयंतीपर्यंत सोलापुरात मोफत मधुमेह तपासणी शिबिरांची रीघ लागते. दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकात फोटो येतो. मंडप, मागे फ्लेक्स, बाह्या वर करून बसलेली माणसं, आणि खाली ओळ असते की एवढ्या नागरिकांनी लाभ घेतला. शिबिरं व्हावीत, आणखी व्हावीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचं दिसलं. त्यातल्या कितीतरी जणांना स्वतःला पत्ता नसतो, आणि तो लागायचा तर अशा मंडपातच लागेल. माझं म्हणणं आहे ते फोटोत टेबलाच्या कडेला, उन्हाच्या तिरिपीत, स्टँडमध्ये उभ्या असलेल्या नळ्यांबद्दल. लॅबमध्ये आम्ही त्यांना बल्ब म्हणतो. बहुतेक फोटोंत त्यांची टोपणं लाल असतात, म्हणजे बल्ब साधे. साखरेच्या रक्तासाठी ती राखाडी हवीत, म्हणजे फ्लोराइड घातलेल्या बल्बची.

मी सोलापुरात लॅब टेक्निशियन म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे आणि डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या पदविकेच्या, मुलामुलींना बायोकेमिस्ट्रीची सुरुवात शिकवते. साखर ऑर्थोटोल्यूइडिन या रसायनाने मोजायच्या जमान्यातली मी. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडच्या वासात नळ्या उकळायच्या आणि हिरवा रंग मोजायचा. आजची मुलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, घालतात, गुलाबी रंग येतो आणि यंत्र ५०५ नॅनोमीटरवर तो वाचून आकडा देतं. रीत सुधारली, माणसाचं नाक वाचलं. पण यंत्र नळीत उरलेली साखर मोजतं. हातातून रक्त निघालं तेव्हा किती होती, हे सांगणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

आमच्या गल्लीत विडी वळणाऱ्या एक अक्का आहेत. एप्रिलमध्ये त्यांनी अशाच एका शिबिरात उपाशीपोटी रक्त दिलं. रक्त सकाळी साडेआठला काढलं, शिबिर दीडला उठलं आणि मग सगळे बल्ब एकदम लॅबला गेले. रिपोर्ट १०६. "थोडी बॉर्डरवर आहे, गोड कमी करा," एवढं सांगून त्यांना घरी पाठवलं. पायाची जखम महिनाभर बरी होईना, म्हणून त्यांची लेक माझ्याकडे आली. मी रक्त नीट घ्यायला लावलं, लगेच यंत्रावर लावायला सांगितलं. १३९ आली. डॉक्टरांनी पुन्हा एकदा तपासून खात्री केली. एका माणसाची साखर दोन दिवशी वेगळी येऊ शकते, त्यामुळे या एका उदाहरणावरून काही सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण १३९ चं रक्त पाच तास साध्या बल्बमध्ये ठेवलं तर आकडा शंभराच्या आसपास येणार, हे गणित कुठल्याही पुस्तकात बसतं. शिबिर कोणाचं होतं ते लिहीत नाही. हेतू चांगला होता आणि हीच पद्धत अनेक ठिकाणी चालते.

असं का होतं, ते जरा सविस्तर सांगते, कारण "मॅडम, रक्त तर काढलं, आता त्यातली साखर जाणार कुठं?" असं मला शिकल्यासवरल्या माणसांनीही विचारलं आहे.

काढलेलं रक्त जिवंत असतं. दोन मिलिलीटर रक्तात लाल पेशीच हजार कोटींच्या घरात असतात, आणि त्या प्रत्येकीला जगण्यासाठी सतत एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, लागतं. आतलं सोडियम बाहेर आणि बाहेरचं पोटॅशियम आत ढकलणारे पंप अखंड चालू ठेवावे लागतात. ते थांबले तर पेशी फुगून फुटेल. शरीरातल्या बहुतेक पेशी एटीपी बनवायला ऑक्सिजन वापरतात. लाल पेशीकडे त्यासाठी लागणारे पेशीतले कारखाने, म्हणजे मायटोकाँड्रियाच, नाहीत. आयुष्यभर ऑक्सिजन वाहून नेते आणि स्वतः त्यातला कणही वापरत नाही. तिच्याकडे उरतो एकच मार्ग, ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोजचा रेणू दहा पायऱ्यांत मधोमध फोडायचा. त्यातून निव्वळ दोन एटीपी मिळतात. तेच ग्लुकोज मायटोकाँड्रिया असलेल्या पेशीत पूर्ण जळलं तर ३० ते ३२ मिळतात. (जुन्या गाइडांत ३८ छापलेलं असतं. परीक्षेत अजून तेच लिहिणारी मुलं मला भेटतात, आणि गुण देणारे परीक्षकही.) म्हणजे तेवढ्याच एटीपीसाठी लाल पेशीला पंधरापट साखर फोडावी लागते. साहजिकच तिची साखरेची भूक कधी संपत नाही, शरीरात नाही आणि बल्बमध्येही नाही.

शरीरात हे खपून जातं, कारण मागे यकृत आहे. लाल पेशीने साखर फोडून टाकलेलं लॅक्टिक आम्ल यकृत उचलतं आणि सहा एटीपी खर्चून त्याचं परत ग्लुकोज बनवतं. दोन कमवायचे आणि सहा घालवायचे, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार. पण तो खर्च यकृत आपल्या अंगावर घेतं म्हणून लाल पेशी आणि थकलेले स्नायू तगतात. कार्ल आणि गर्टी कोरी या मूळच्या प्रागच्या दांपत्याने हे चक्र उलगडलं, आणि कर्बोदकांच्या चयापचयावरच्या त्यांच्या कामाला १९४७ साली नोबेल मिळालं. बल्बमध्ये यकृत नसतं. तिथे वाहतूक एकाच दिशेने, साखर खाली आणि लॅक्टिक आम्ल वर.

आता पहिली पायरी. वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवते. ग्लुकोज पेशीत शिरलं की लगेच त्याला फॉस्फेट जोडलं जातं. नुसतं फॉस्फेट आपणहून चिकटणार नाही. त्याला दर मोलमागे १३.८ किलोज्यूल घालावे लागतात, म्हणजे ही चढण आहे. एटीपीच्या जलविघटनात ३०.५ किलोज्यूल मोकळे होतात, म्हणजे ती उतरण आहे. हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम या दोन्ही गोष्टी एकाच झटक्यात, एकाच जागी करतं, आणि बेरीज होते १६.७ किलोज्यूल उतरणीची. त्यामुळे हा व्यवहार जवळजवळ एकाच दिशेने होतो आणि परतीची वाट राहत नाही. बायोएनर्जेटिक्सचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या हिशेबाचा, पहिला धडा बहुतेक इथूनच सुरू होतो, आणि इथेच "एटीपीचा बंध तुटला की त्यातली ऊर्जा बाहेर पडते" हे वाक्य मुलं घोकून येतात. खरं तर कुठलाही बंध तुटायला ऊर्जा लागतेच. एटीपीत शेजारी शेजारी कोंबलेले ऋण भार एकमेकांना ढकलत असतात. पाण्याशी संयोग होऊन एडीपी (एक फॉस्फेट कमी झालेलं एटीपी) आणि फॉस्फेट वेगळे झाले की दोघेही जास्त निवांत अवस्थेत जातात, आणि सुरुवात व शेवट यांच्यातला तो फरक म्हणजे आपले ३०.५. हे समजलेल्या मुलाला पुढचं सगळं पाठ करावं लागत नाही.

तपासणीच्या दृष्टीने या पायरीचं महत्त्व वेगळं आहे. फॉस्फेट चिकटलेलं ग्लुकोज पेशीच्या आवरणातून बाहेर येऊ शकत नाही, आणि आमचं ग्लुकोज ऑक्सिडेज त्याला ग्लुकोज म्हणून ओळखतही नाही. पुढच्या नऊ पायऱ्या झाल्या काय किंवा न झाल्या काय, रिपोर्टपुरती ती साखर पहिल्याच पायरीला गेली.

हे कसं शोधलं गेलं त्याची गोष्ट सोलापूरच्या माणसाला परकी वाटू नये. १८९७ साली एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्ट वाटून, दाबून त्याचा रस काढला. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, आणि रस फसफसू लागला. एकही जिवंत पेशी नसताना साखरेचं अल्कोहोल होत होतं. आपल्या जिल्ह्यात मळीपासून अल्कोहोल करणाऱ्यांना यीस्टची ओळख करून द्यायला नको. पायरुव्हेटपर्यंतच्या, म्हणजे ग्लुकोजचे दोन तुकडे होईपर्यंतच्या, दहा पायऱ्या यीस्टमध्ये आणि आपल्या रक्तात त्याच आहेत. पुढे यीस्ट अल्कोहोलकडे वळतं आणि लाल पेशी लॅक्टिक आम्लाकडे. काही वर्षांनी इंग्लंडमध्ये हार्डन आणि यंग यांनी मंदावलेल्या रसात फॉस्फेट घालून पाहिलं तर तो पुन्हा जोमाने फसफसला, आणि साखरेला फॉस्फेट चिकटलेलं सापडलं. फॉस्फेटचा या गोष्टीतला प्रवेश तिथला.

आणि फॉस्फेट म्हटलं की माझ्या वर्गातली पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी मुलं सरसावून बसतात, कारण मग मी यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्यावर येते. १८९५ साली भीमवरमला जन्म, शिक्षण मद्रासच्या मेडिकल कॉलेजात, १९२३ साली हार्वर्डला. तिथे सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी रक्तातलं फॉस्फरस मोजायची रीत १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. फिस्के-सुब्बाराव पद्धत म्हणून ती आम्ही पाठ केली आणि हातानेही केली. त्याच रीतीने स्नायूंत शोध घेताना त्यांना फॉस्फोक्रिएटिन सापडलं आणि पुढे एटीपी. जर्मनीत कार्ल लोमान यांना एटीपी सापडलं तेही त्याच वर्षी, १९२९ मध्ये. सुब्बाराव नंतर औषध कंपनीत गेले. हत्तीरोगासाठी आपल्याकडे वाटतात ती डीईसीची गोळी त्यांच्याच गटाच्या कामातून आली. १९४८ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते अमेरिकेतच वारले. नोबेल नाही, हार्वर्डमध्ये कायमची जागा नाही. "मॅडम, यांचा पुतळा कुठंच कसा नाही ओ?" असं एका मुलीने विचारलं होतं. आपल्या गावात चौक पुष्कळ आहेत, एवढंच मी म्हटलं. विषयांतर झालं, पण होऊ द्या.

आता फ्लोराइड. १९३० च्या दशकात ग्लायकोलिसिसच्या पायऱ्या लावताना शास्त्रज्ञ मुद्दाम विष घालून वाट अडवत आणि अडलेल्या जागी काय साठतं ते बघत. फ्लोराइड हे त्यातलं एक विष. ते नवव्या पायरीवरच्या इनोलेज या एन्झाइमला जखडतं. या एन्झाइमला मॅग्नेशियम लागतं, आणि फ्लोराइड फॉस्फेटच्या साथीने नेमकं तिथेच अडकून बसतं. राखाडी टोपणाच्या बल्बमध्ये तळाला जी पांढरी पूड असते ती सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेटची. ऑक्झलेट कॅल्शियम पकडून रक्त गोठू देत नाही आणि फ्लोराइड साखरेची मोडतोड थांबवतं. प्रयोगशाळेतलं विष असं तपासणीच्या कामी आलं.

मात्र यात एक गोम आहे आणि ती टेक्निशियन मंडळींनाही अनेकदा माहीत नसते. फ्लोराइड अडवतं नववी पायरी, आणि साखर तर पहिल्याच पायरीला गायब होते. कालव्याचं टेलकडचं दार बंद केलं तरी उजनी धरणातून सोडलेलं पाणी वरचा कालवा भरेपर्यंत येतच राहतं, तसंच इथे होतं. पेशीतलं उरलंसुरलं एटीपी संपेपर्यंत हेक्झोकायनेज ग्लुकोज आत ओढत राहतं. त्यामुळे पहिल्या एक-दोन तासांत फ्लोराइड बल्बमधली साखरही जवळजवळ साध्या बल्बइतकीच घसरते. नंतर मात्र आकडा थबकतो आणि पुढे कितीतरी तास हलत नाही. साध्या बल्बमध्ये तो घसरतच राहतो. म्हणून फ्लोराइड हवंच, आणि सोबत रक्त काढल्याक्षणी बर्फही हवा. आता सायट्रेट घातलेले बल्बही निघाले आहेत. ते रक्ताचा पीएच एकदम खाली आणतात, म्हणजे रक्त आम्लधर्मी करतात, त्यामुळे हेक्झोकायनेज आणि तिसऱ्या पायरीवरचं फॉस्फोफ्रुक्टोकायनेज जागच्या जागी थंडावतं. परवडत असेल त्यांनी ते वापरावेत. अमेरिकेतल्या मधुमेहविषयक मार्गदर्शक सूचनांत तर बर्फाच्या गाळात बल्ब ठेवून अर्ध्या तासात प्लाझ्मा (पेशींवाचूनचं रक्ताचं पाणी) वेगळा करा, नाहीतर सायट्रेटचे बल्ब वापरा, असंच सांगितलं आहे.

पुस्तकं सांगतात की न अडवलेल्या रक्तात खोलीच्या तापमानाला साखर ताशी ५ ते ७ टक्के घटते. ही पुस्तकातली खोली कुठली? वीस-पंचवीस अंशांची. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या मंडपाखाली किती होतं ते रिक्षावाल्याला विचारा. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा एन्झाइमांचा वेग साधारण दुप्पट होतो. अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळ्याकडून पोरं मोटारसायकलच्या डिकीत बल्ब टाकून शहरात आणतात. बिचारी जिवावर उदार होऊन पळवतात, पण डिकी ती डिकीच.

पुस्तकी दरानेच हिशेब करू. उपाशीपोटी १२६ किंवा वर म्हणजे मधुमेह, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, असा निकष बरेच डॉक्टर वापरतात. खरी साखर १३० असलेल्या माणसाचा बल्ब दोन तास पडून राहिला तर रिपोर्ट ११२ ते ११७ चा येईल. मधुमेही माणूस उंबरठ्यावरचा ठरला. १०८ वाल्याची ९३ ते ९८ येईल. उंबरठ्यावरचा माणूस निरोगी ठरला आणि घरी जाऊन श्रीखंडाला बसला. चूक नेहमी एकाच बाजूला, दिलासा देणाऱ्या बाजूला झुकते, आणि दिलासा मिळालेला माणूस दुसऱ्यांदा तपासायला येत नाही. ज्याची साखर तीनशे आहे तो कुठल्याही बल्बमध्ये सापडेल. शिबिर असतं ते काठावरच्या माणसासाठी, आणि निसटतो तोच.

पेशी जास्त तर भूकही जास्त. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी लाखांनी वाढलेल्या असतात, तेव्हा बल्बमधली साखर इतकी झपाट्याने उतरते की रिपोर्ट बघून माणूस बेशुद्ध असायला हवा असं वाटतं, आणि तो समोर बसून चहा मागत असतो. मेंदूज्वराच्या संशयात पाठीतून काढलेल्या पाण्याची साखरही म्हणूनच फ्लोराइडमध्ये पाठवतात.

ज्यांना हे सगळं पुस्तकी वाटतं त्यांनी रक्तपेढीची पिशवी आठवावी. आपलं शहर रक्तदानात मागे नाही. पिशवीत आधीपासून थोडं द्रावण असतं ते सायट्रेट, फॉस्फेट, डेक्स्ट्रोज आणि ॲडेनिनचं. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. पेशींना पस्तीस दिवस जगवायचं तर त्यांना खायला द्यावं लागतं, शिवाय पिशवी २ ते ६ अंशांत ठेवावी लागते. रक्तपेढीला रक्त जगवायचं असतं म्हणून ती त्याला साखर देते. शिबिरातही तेच जिवंत रक्त असतं, फक्त इथे त्याने खाल्लेली साखर आपल्या हिशेबातून वजा होते.

मग रक्त काढून थेट फ्रीजमध्ये का ठेवू नये, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. साखरेपुरतं चालेल. पण त्याच बल्बवर पोटॅशियम करायचं असेल तर घोटाळा होईल. थंडीत ते पंपही मंदावतात, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि धडधाकट माणसाचा रिपोर्ट डॉक्टरांची झोप उडवतो. फ्लोराइड बल्बवर तर पोटॅशियम करायचंच नाही, त्यात पोटॅशियम ऑक्झलेट आपणच घातलेलं असतं. युरिएजने होणारी युरियाची तपासणीही त्यावर नको, कारण फ्लोराइड त्या एन्झाइमलाही सोडत नाही. थोडक्यात, साखरेचा बल्ब साखरेलाच. "एकाच बल्बमध्ये सगळं भागवू, अक्का," असं म्हणणाऱ्या आयोजकाने दोन रुपये वाचवले आणि दोन्ही रिपोर्ट घालवले.

शिबिराच्या जागी सेंट्रिफ्यूज, म्हणजे बल्ब गरगर फिरवून पेशी खाली बसवणारं यंत्र, असेल, वीज असेल आणि रक्त गोठताच वरचं पाणी, म्हणजे सीरम, वेगळं केलं जात असेल, तर लाल टोपणही चालेल. मोडतोड करणारी एन्झाइमं पेशींच्या आत असतात. पेशी बाजूला झाल्या की सीरममधली साखर टिकते. पण मंडपात सेंट्रिफ्यूज मी तरी क्वचित पाहिलं आहे.

बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर साखर बघतात तिथे हा प्रश्न येत नाही, कारण आकडा तिथल्या तिथे मिळतो. पण त्याला मुभा मोठी आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभराच्या वरचे ९५ टक्के आकडे १५ टक्क्यांच्या आत बसले की मीटर पास. म्हणजे खरी साखर १२६ असेल तर मीटर १०७ ते १४५ मधलं काहीही दाखवून पास होऊ शकतं. चाळण्यासाठी ठीक, निदान करायला नाही. आणि पट्ट्यांची डबी उघडी ठेवून उन्हात काम करू नका. त्या पट्टीवरही एन्झाइमच असतं.

तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सीला बल्बमधल्या या भुकेचा त्रास नाही. हिमोग्लोबिनला एकदा चिकटलेली साखर पेशी खाऊ शकत नाही. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए बल्बमध्ये रक्त निवांत पाठवा. पण ती महाग, आणि रक्तक्षय असेल तर तिचा आकडा भरवशाचा राहत नाही. लोह कमी असलेल्या बाईत तो उगाच जास्त येऊ शकतो. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आहे. विडी आणि यंत्रमागाच्या वस्त्यांत शिबिर घ्यायचं तर हे लक्षात ठेवावं लागेल. म्हणून उपाशीपोटीची साधी, नीट घेतलेली साखर अजून सोडता येत नाही.

नीट घेतलेली म्हणजे काय, तेही लिहिते. फ्लोराइड बल्ब घ्यावा, त्यावर रेघ असते तेवढंच रक्त भरावं, आणि बल्ब हळुवार आठ-दहा वेळा उलटसुलट करावा. खाली पूड तशीच राहिली तर राखाडी टोपण नुसतं शोभेचं. जोरात हलवलंत तर पेशी फुटतात. लसीकरणाला वापरतात तसला आइसपॅकचा डबा, नाहीतर थर्मोकोलच्या खोक्यात बर्फाचा चुरा आणि पाणी, त्यात बल्ब उभा ठेवावा. कोरड्या गोठलेल्या बर्फाला चिकटवू नये, रक्त गोठून फुटलं तर ते वाया जातं. आणि चिठ्ठीवर नावाशेजारी रक्त काढल्याची वेळ. सोलापुरातल्या शिबिरांत मला सगळ्यात कमी आढळलेली वस्तू हीच आहे. वेळ लिहिलेली असेल तर लॅबमधल्या माणसाला निदान कळतं की समोरचा आकडा किती शिळा आहे. रिपोर्टवर रक्त काढल्याची आणि तपासल्याची अशा दोन वेळा छापायला शाई फार लागत नाही.

रुग्णांनीही विचारावं. "सकाळी काही खाल्लं नाही" असं सांगून साबुदाण्याची खिचडी आणि दोन कप चहा पोटात असलेली माणसं आषाढीच्या दिवसांत मी पुष्कळ पाहिली आहेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. तेवढी शिस्त आपल्याकडून, आणि आपलं रक्त किती वाजता यंत्रावर गेलं हे विचारायचा हक्कही आपलाच. काठावरचा आकडा आला आणि रक्त तीन-चार तास पडून होतं असं कळलं, तर तो आकडा धरून बसू नका, पुन्हा करून घ्या.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. शिबिराच्या बातमीत पाहुण्यांची यादी थोडी आखडून, साखरेचं रक्त कोणत्या बल्बमध्ये घेतलं आणि किती वेळात तपासलं, ही एक ओळ विचारून छापत जा. पहिल्या दोन-चार बातम्यांत आयोजक गोंधळतील, पण पाचव्यापासून बर्फाचा डबा मंडपात दिसू लागेल.

फ्लोराइड बल्ब साध्या बल्बपेक्षा किंचित महाग पडतो, पण फ्लेक्सचा एक कोपरा कमी केला तरी शिबिरभराचे बल्ब त्यात येतील. मंडळांकडे माणसं कमी असतील तर डीएमएलटीची मुलं वेळ लिहायला आणि बल्ब उलटसुलट करायला आनंदाने येतात, माझ्या वर्गातली तर मी स्वतः पाठवीन. त्यांना नाश्ता मात्र द्या. आणि तो रक्त देणाऱ्यांच्या रांगेसमोर उघडू नका, उपाशीपोटी आलेली माणसं रांग सोडून तिकडे वळतात.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)